पिशवीचे तोंड आणि यादीतले नाव

गर्भाशयाचे मुख हा जेमतेम दीड इंच लांबीचा अवयव. मराठवाड्याच्या बोलीत त्याला ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात. तिथला कर्करोग अचानक होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग अंगात टिकून राहिला, तर त्या जागेच्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्या बदलापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा ते वीस वर्षे जातात. तपासणीचा सगळा आधार म्हणजे ही मधली वर्षे. तेवढ्या काळात बदल हाती लागला, तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो आणि कर्करोग होतच नाही.

हा अवयव ज्याच्या शरीरात आहे त्याला ही तपासणी हवी. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेली, पण पुरुष म्हणून जगणारी माणसे, म्हणजे ट्रान्स पुरुष, यांच्यापैकी बहुतेकांच्या शरीरात तो असतो. शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांपैकीही काहींच्या शरीरात तो राहिलेला असतो. तपासणीचा इतिहास मात्र पहिल्या दिवसापासून ‘स्त्री’ या शब्दाला बांधलेला आहे. परभणी तालुक्यातल्या पेडगावसारख्या गावात (म्हणीतले पेडगाव वेगळे, ते भीमाकाठचे) कोणते पर्याय पोचले आणि कोणाच्या नावाने पोचले, हे या इतिहासातूनच कळते.

पेशी खरवडून काचपट्टीवर पाहण्याची कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली. रुमानियाच्या ऑरेल बाबेश यांनी १९२७ मध्ये आणि न्यू यॉर्कमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये ती मांडली. पापानिकोलाऊंकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये लेख आणि १९४३ मध्ये पुस्तक आल्यावर ‘पॅप स्मिअर’ रूढ झाली. ज्या देशांनी दर काही वर्षांनी प्रत्येक बाईला पत्र धाडून बोलावण्याची पद्धत बसवली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने घटले. त्या पद्धतीला लागते काय? काचपट्टी वाचणारे तज्ज्ञ, प्रयोगशाळा, टपाल आणि पुन्हा पुन्हा येऊ शकणारी बाई. मराठवाड्यात यांपैकी एकही गोष्ट सहज मिळणारी नव्हती.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या प्रयोगशाळेने भारतातल्या कर्करोगाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हैदराबादला मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय १९५५ मध्ये उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबाद–मनमाड लोहमार्गावरच्या या जिल्ह्याला त्यानंतर कर्करोगाच्या उपचारासाठी एक तर पूर्वेला जुन्या राजधानीकडे, नाही तर पश्चिमेला मुंबईकडे अशी रात्रभराची गाडी धरावी लागे. १९६३ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातले आकडे मिळू लागले, खेड्यातले कोरेच राहिले.

ती कोरी जागा भरली बार्शीने. सोलापूर जिल्ह्यातल्या या बाजारपेठेच्या गावी नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल होते. टाटा मेमोरियलच्या मदतीने तिथे १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरात दवाखान्यांच्या कागदांवरून नोंद करता येते. इथे कागदच नव्हते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर, शाळेत, अंगणात बसले आणि लक्षणे समजावून सांगत रुग्ण शोधत राहिले. अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणे, संबंधानंतर रक्त येणे या गोष्टी पहिल्यांदाच चारचौघांत बोलल्या गेल्या. बाया आजाराच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या आणि डॉ. कस्तुरी जयंत व डॉ. भगवान नेने यांच्या गटाने हा बदल मोजून नोंदवला. कोणतेही यंत्र न आणता, नुसत्या बोलण्याने झालेले हे काम आहे. मराठवाड्याच्या सीमेवरच्या आरोग्याच्या इतिहासात त्याला मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

याच पायावर जगातल्या एका महत्त्वाच्या प्रयोगाची मांडणी झाली. किल्लारीच्या भूकंपाला सहा वर्षे झाली होती. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ऑक्टोबर १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांची नावे घरोघर फिरून लिहिली गेली. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठी पद्धतीने त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्हीच्या डीएनएची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए, आणि चौथ्यात कोणतीही ठरावीक तपासणी नाही, नेहमीची सेवा तेवढी. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था हे तिघे मिळून हे काम चालवत होते, आणि डॉ. आर. शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख संशोधक होते.

यातली व्हीआयए ही सर्वांत साधी. टेबलावर निजवून योनीत स्पेक्युलम नावाचे चिमट्यासारखे उघडणारे साधन घालतात, पिशवीच्या तोंडावर पातळ अ‍ॅसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरचाच बोळा लावतात आणि मिनिटभर थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर ती जागा पांढरी दिसते. निकाल तिथल्या तिथे मिळतो आणि प्रशिक्षित नर्सबाई तो देऊ शकते. वीज, प्रयोगशाळा, दुसरी फेरी यांपैकी कशावरच अडत नाही. म्हणूनच गरीब देशांची आशा तिच्यावर होती.

ज्या तीन भागांत तपासणी होती, तिथल्या पाचांपैकी जवळपास चार बायका प्रत्यक्ष तपासणीला आल्या. हा आकडा शहरी दवाखान्यांना लाजवणारा आहे. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २ एप्रिल २००९ रोजी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी नसलेल्या भागात या कर्करोगाने ६४ जणी दगावल्या होत्या, एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४. पॅपच्या भागात ५४ आणि व्हीआयएच्या भागात ५६. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. एकदाच केलेल्या इतर दोन चाचण्यांनी संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा फरक पडला नाही. ज्यांची एचपीव्ही चाचणी नकारात्मक आली त्यांच्यात पुढच्या वर्षांत कर्करोग फार क्वचित झाला. विषाणू नसेल तर बरीच वर्षे निर्धास्त राहता येते, हा धडा जगाने धाराशिवच्या वाड्यावस्त्यांवरून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात या गावांचा वाटा मोठा आहे.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर दुसरा प्रयोग चालवला. तिथे दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा व्हीआयए झाली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगरची तपासणी वाया जाणारी नाही; ती पुन्हा पुन्हा करावी लागते. या दोन्ही प्रयोगांवर एक गंभीर आक्षेपही आला: ज्या बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवले त्यांच्या मृत्यूंचे उत्तर कोण देणार? देशात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणेच होते, असे संशोधकांचे म्हणणे. ते खरे होते. तरीही तो प्रश्न त्याने संपत नाही, कारण त्या ६४ जणींच्या घरांनी हा पुरावा आपल्या किमतीवर दिला आहे.

या सगळ्या याद्या बायकांच्या होत्या. घरात शिरून कार्यकर्ता विचारी, तीस ते साठमधल्या बाया किती? त्या प्रश्नाला ट्रान्स पुरुषाचे उत्तर नसते. गावात तो मुलगी म्हणून ओळखला जात असेल तर त्याचे नाव यादीत येते, पण स्पेक्युलमच्या टेबलापर्यंत तो जात नाही. गाव सोडून पुणे-मुंबईला पुरुष म्हणून राहत असेल, तर यादीतच येत नाही.

महाराष्ट्रात हिजड्यांची घराणी आहेत, गुरू-चेल्यांची परंपरा आहे, यल्लम्माच्या नावाने जोगते होतात. जन्माने मुलगी असलेल्या आणि पुरुष म्हणून जगू पाहणाऱ्याला असे घराणे कधीच नव्हते. त्याच्या वाट्याला येई ते लवकर उरकलेले लग्न किंवा शहरातले एकटेपण. १९९०नंतर एचआयव्ही प्रतिबंधाचा सरकारी पैसा तृतीयपंथीयांच्या वस्त्यांपर्यंत पोचला, आणि त्याबरोबर त्यांची मोजणी, दवाखाने, संस्था आल्या. पण त्या कार्यक्रमाच्या व्याख्येत ट्रान्स पुरुष बसत नव्हते. मराठीत आजही ‘तृतीयपंथी’ म्हटले की साडीतली व्यक्तीच डोळ्यांपुढे येते. १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ नावाने सुरू झालेल्या मुंबईच्या लेबिया या गटाने जन्माने मुलगी असलेल्या, पण त्या चौकटीत न मावणाऱ्या माणसांच्या कहाण्या पुढे गोळा केल्या, तेव्हा कुठे या जगण्याचा लेखी मागमूस लागला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ माणसे मोजली गेली. त्यांपैकी ट्रान्स पुरुष किती, हे तो रकाना सांगू शकत नाही.

१५ एप्रिल २०१४च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या पंधराव्या कलमात सरकारी दवाखान्यांतून शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचारांची तरतूद आहे. कायद्याने पुरुष म्हणून ओळखपत्र मिळू लागले आणि त्याच क्षणी एक नवी अडचण उभी राहिली. आधार, दवाखान्याचा केसपेपर, संगणकातली नोंद या सगळ्यांत ‘पुरुष’ असलेल्या माणसाला पिशवीच्या तोंडाच्या तपासणीला कोण बोलावणार? इंग्लंडमध्येही दवाखान्यात पुरुष म्हणून नोंद असलेल्याला या तपासणीचे पत्र आपोआप जात नाही. त्याला स्वतः मागणी करावी लागते. तिथे निदान पत्राची पद्धत तरी आहे.

शरीराचा प्रश्न वेगळा आणि तितकाच खरा. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाची पाळी थांबते, योनीचे अस्तर पातळ आणि कोरडे होते, पाळी गेलेल्या बाईचे होते तसे. स्पेक्युलम दुखतो. मनाला तो त्याहून जास्त दुखतो, कारण ज्या अवयवाची आठवणही नको असते त्याच्यावर उजेड पाडून कोणी तरी वाकून पाहत असते. पॅपमध्ये पेशी पुरेशा येत नाहीत. बोस्टनच्या एका आरोग्य केंद्रातल्या नोंदी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यात ट्रान्स पुरुषांच्या १०.८ टक्के पॅप नमुन्यांचा निकालच लावता आला नव्हता. बायकांत हे प्रमाण १.३ टक्के होते. शिवाय पातळ झालेल्या अस्तराच्या पेशी काचेखाली बिघडलेल्या पेशींसारख्या दिसू शकतात. त्यामुळे नमुन्यासोबत ‘टेस्टोस्टेरॉन चालू आहे’ ही एक ओळ गेली नाही तर निष्कारण धास्ती पदरी येते. व्हीआयएचेही तसेच. जी पेशींची सीमारेषा पाहायची ती पाळी गेलेल्या वयात आत सरकते, म्हणून त्या वयात ही तपासणी भरवशाची राहत नाही. टेस्टोस्टेरॉनने तीच स्थिती ऐन तिशीत येऊ शकते.

धाराशिवने सिद्ध केलेली एचपीव्ही चाचणी इथे सर्वांत उपयोगी ठरते, कारण तिला पेशींचा आकार बघायचा नसतो, विषाणू शोधायचा असतो. आणि त्यासाठीचा नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो. मऊ टोकाची लांब काडी पाकिटातून काढायची, दोन-तीन इंच आत सरकवायची, काही सेकंद गोल फिरवायची, द्रवाच्या नळीत बुडवून झाकण घट्ट लावायचे. बंद खोलीत, कपडे पुरते न उतरवता हे करता येते. टेबल नाही, स्पेक्युलम नाही, दुसऱ्याची नजर नाही. ट्रान्स पुरुषांवरच्या २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासात दहांपैकी नऊहून अधिक जणांनी याच पद्धतीला पसंती दिली. डॉक्टरने घेतलेल्या नमुन्यात जो विषाणू सापडला तो स्वतः घेतलेल्या नमुन्यात दहांपैकी सात वेळा सापडला. हे प्रमाण पूर्ण समाधानाचे नाही, पण जो माणूस एरवी कधीच येणार नाही त्याच्यासाठी सात ही शून्याच्या तुलनेत फार मोठी संख्या आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून सर्वांनाच हा पर्याय खुला केला. विषाणू सापडला तर मात्र पुढची तपासणी टेबलावरच होते. तेव्हा आधी आठवडा-दोन आठवडे योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम, छोटा स्पेक्युलम, सोबत विश्वासाचे माणूस, आणि अवयवांसाठी कोणते शब्द वापरायचे हे आधी विचारून घेणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

तपासणी किती वेळा, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने वयावर ठेवले आहे: तिशीपासून एचपीव्ही चाचणी दर पाच ते दहा वर्षांनी, एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. त्याच मार्गदर्शनात ट्रान्स पुरुषांनाही या सेवेची गरज आहे असे स्पष्ट लिहिले आहे. फक्त बायकांशी संबंध ठेवणाऱ्यालाही हा विषाणू लागू शकतो, कारण तो त्वचेच्या स्पर्शाने पसरतो. लस घेण्याचे योग्य वय नऊ ते चौदा, म्हणजे ज्या वयात बहुतेकांनी आपल्याबद्दल कोणाला काही सांगितलेलेही नसते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि ही लस देशातच तयार होऊ लागली.

केंद्र सरकारच्या २०१६च्या कार्यचौकटीनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हीआयए व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत मात्र ३० ते ४९ वयाच्या बायकांत अशी तपासणी एकदा तरी झालेल्या देशभरात दोन टक्क्यांच्याही आत निघाल्या. तेव्हा पेडगावात तपासणीवाचून राहिलेला ट्रान्स पुरुष एकटा नाही. त्याच्या आजूबाजूच्या घरांतल्या बायाही तशाच राहिलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. गावात या कार्यक्रमाचा पहिला चेहरा म्हणजे आशाताई. आजारांची जोखीम नोंदवण्याच्या तिच्या हातातल्या सीबॅक फॉर्ममध्ये बायकांसाठीचे प्रश्न वेगळे आहेत: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, पाळी गेल्यानंतरचा, संबंधानंतरचा, घाण वास येणारा स्राव. पुरुष म्हणून नोंद असलेल्याला हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. आणि नेमके त्याच्याबाबतीत, टेस्टोस्टेरॉनने थांबलेली पाळी पुन्हा दिसू लागली तर ते लक्षण लगेच दाखवण्याजोगे असते. पुढची पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची, त्यापुढची परभणीची. तिथल्या सरकारी स्त्री रुग्णालयाच्या नावातच ‘स्त्री’ हा शब्द आहे. दाढी आलेल्या माणसाला त्या पाटीखालून आत जाऊन रांगेत उभे राहणे किती अवघड जात असेल, हे वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यात या अवयवाचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो ट्रान्स पुरुषाच्या इतिहासाला एका जागी येऊन मिळतो. पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, असे घेऊन आलेल्या ऊसतोड बायकांना ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हणून पिशवी काढायला सांगितले गेले. बीड जिल्ह्यातला हा प्रकार २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. जिथे एका चाचणीने भागले असते तिथे अवयव गेला. ट्रान्स पुरुषांपैकी काही जण स्वतःच्या इच्छेने, आपल्या शरीराला आपलेसे करण्यासाठी पिशवी काढून घेतात. दोन्हींची कारणे अगदी वेगळी. पण दोघांच्याही बाबतीत ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत एक प्रश्न दडून राहतो. पिशवीबरोबर तिचे तोंडही काढले असेल आणि आधीच्या तपासण्यांत बिघाड नसेल, तर पुढे या तपासणीची सहसा गरज उरत नाही. तोंड ठेवले असेल तर ती ठरल्या वयापर्यंत लागते. बाहेरून हे दिसत नाही, वर्षांनंतर आठवत नाही. ते कळते दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावरून, त्यावर ‘टोटल’ (तोंडासह) लिहिले आहे की ‘सबटोटल’ (तोंड ठेवून) यावरून. हे कार्ड ओळखपत्रांच्या पाकिटात, नव्या नावाच्या कागदांसोबत जपून ठेवावे लागते, त्यावर जुने नाव असले तरीही.